अ‍ॅबेट टाकायला आलेल्यांना दारातून परत पाठवू नका

नाशिकच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात तो असा: डेंग्यू-चिकुनगुनिया हे शत्रूने सोडलेलं जैविक अस्त्र आहे, महापालिकेची माणसं टाकीत ओततात त्या बाटलीत डासांची अंडी असतात, द्राक्षबागांवरचे ड्रोन रोगी डास सोडतात, म्हणून तापाची तपासणी करू नका, कापूर जाळा. हे वाचून सिडकोतल्या आमच्या मावशीने अळ्या तपासायला आलेल्या मुलींना जिन्यावरूनच परत पाठवलं. आता गप्प बसून चालणार नाही.

आधी बाटलीचं, कारण खरं नुकसान तिथेच होतंय. त्यात टेमिफॉस हे डासांच्या अळ्या मारणारं औषध असतं, ज्याला सगळे अ‍ॅबेट म्हणतात. प्रमाण लिटरला एक मिलिग्रॅम, म्हणजे हजार लिटरच्या टाकीला एक ग्रॅम. पिण्याच्या पाण्यातही एवढं चालतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि अंडी म्हणाल तर डेंग्यू-चिकुनगुनिया पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ड्रमच्या ओल्या भिंतीला चिकटवते. काळी, खसखशीहून बारीक, आणि सुकली तरी महिनोन्महिने जिवंत. ड्रम नुसता उपडा करून पुन्हा भरला की ती फुटतात आणि आठ-दहा दिवसांत डास उडतो. म्हणून आठवड्याला कोरडा दिवस. पाणी गटारात नाही, कोरड्या मातीवर ओता. पाण्याची रेषा होती तो पट्टा ब्रशने खरवडून घासा, ड्रम उन्हात वाळवा, भरल्यावर तोंडाला कापड बांधा. फ्रीजमागचा ट्रे आणि मनी प्लँटची बाटलीही विसरू नका. काही ठिकाणचे डास अ‍ॅबेटला दाद देईनासे झालेत हे खरं, पण मग घासणं वाढवायचं, दार कशाला लावता?

जैविक अस्त्रं असतात, हे मान्य. १९४० मध्ये जपानी सैन्याने चीनमधल्या निंगबोवर प्लेगच्या पिसवा टाकल्या होत्या. दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा एक प्रकल्प होता, त्यात अमेरिकी पैसा होता, आणि संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५ मध्ये त्यावर ताशेरे ओढले. तो बंदही पडला. मेसेजवाल्यांनी हाच धागा पकडलाय. पण डेंग्यू आणि चिकुनगुनियाच्या साथी कलकत्त्यात १९६३ लाच येऊन गेल्या होत्या, तो प्रकल्प सुरू होण्याच्याही आधी.

मुद्दाम किंवा चुकून बाहेर पडलेला जंतू कसा ओळखतात, हे समजून घ्यायचं तर स्वेर्दलोव्स्क बघा. एप्रिल १९७९ मध्ये तिथल्या सोव्हिएत लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्सचे बीजाणू हवेत गेले आणि किमान ६६ माणसं दगावली. सरकार म्हणालं, दूषित मांस. पुढे अमेरिकी शास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेलसन यांच्या पथकाने घरोघरी विचारून, कबरींवरच्या तारखा पाहून, दगावलेला प्रत्येक जण दिवसा कुठे होता ते नकाशावर मांडलं. बहुतेक सगळे केंद्रापासून चार किलोमीटरच्या एका अरुंद पट्ट्यात. तीच रेषा पुढे नेली की ५० किलोमीटरपर्यंत मेलेली जनावरं. २ एप्रिलचा वाराही नेमका त्याच दिशेचा. हे १९९४ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आलं.

आपला डेंग्यू असा पट्टा आखतो का? तो दरवर्षी पावसाळ्याबरोबर वाढतो. जिथे पाणी कमी म्हणून ड्रम भरून ठेवतात, जिथे बांधकामावर पाणी साचतं, तिथे तो शेजारशेजारची घरं धरतो, कारण एडिसची मादी शे-दोनशे मीटरपलीकडे फारशी जात नाही. शिवाय विषाणू तिच्या पोटात गेल्यावर चाव्यातून पुढे जायला आठ ते बारा दिवस लागतात, आणि तोवर बऱ्याच माद्या मरतात. अशा डासाच्या भरवशावर कोणतं सैन्य लढाई करेल?

ड्रोनमधून फवारतात ती डाऊनी-भुरी या द्राक्षांवरच्या बुरशीजन्य रोगांची औषधं. त्या नोझलमधून डास जिवंत बाहेर येणार नाही. कापराने विषाणू मरत नाही, एवढं पुरे.

तपासणी करू नका, हा सल्ला मात्र जीवघेणा आहे. पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (रक्तात विषाणूचं प्रथिन शोधणारी तपासणी), त्यानंतर आयजीएम (शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं शोधणारी). हे आयजीएमचे किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थाच बनवून सरकारी लॅबना पुरवते. तापाला पॅरासिटामॉल द्या. अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन नको, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरला आणि पोटात जोरात दुखायला लागलं, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. डेंग्यूचा पेशंट बहुतेक वेळा ताप उतरतानाच गंभीर होतो.