चहाचं प्रायश्चित्त आणि पत्त्यातला 'सेटलमेंट'

आमच्या अपार्टमेंटला जिने झाडायला बाई हवी होती. ओळखीतली एक मी सुचवली. तिनं आधार कार्डाची झेरॉक्स आणून दिली. सेक्रेटरींनी नाव वाचलंच नाही, डोळे थेट पत्त्यावर. पत्त्यात 'सेटलमेंट' होतं. "नको ओ सर. उद्या काही कमीजास्त झालं तर?" अर्ध्या मिनिटात विषय संपला. पुढची वीस मिनिटं गेली तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांवर. त्यांनी सगळ्यांच्या पार्किंगचा एक कोपरा भिंत घालून आत घेतलाय. ठरलं काय, तर दंड भरून नियमित होतंय का बघू. माणूस चांगला आहे.

मी ज्युनिअर कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. विचलन म्हणजे समाजमान्य नियमांपासून ढळणं, अशी व्याख्या इतकी वर्षं फळ्यावर लिहितोय. त्या मीटिंगमध्ये ढळलं कोण होतं? बाई तर अजून जिन्यावरही आली नव्हती.

सोलापूरबाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी उत्तर हिंदुस्थानात, मग पसरत पसरत सगळीकडे. पारधी, कैकाडी, कंजारभाट, किती नावं घ्यायची. कायद्यानं अख्खी जमातच गुन्हेगार ठरवली. चोरी करायची गरज नव्हती, त्या घरात जन्म झाला की पुरे. नाव नोंदवा, बोटांचे ठसे द्या, हजेरी द्या, बाहेर जायचं तर पास घ्या. सोलापुरात यांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं, त्याचं नाव सेटलमेंट. तिथली माणसं गिरणीत राबली. म्हणजे गुन्हेगार म्हणून कोंडायचं आणि कामगार म्हणून वापरायचं. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभर कायदा रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन आणि या जमाती विमुक्त. तार गेली. नाव पत्त्यात राहिलं.

कायदाही पुरता गेला नाही. 'सराईत गुन्हेगार' नावाचे कायदे राज्याराज्यांत आले, आपल्याकडचा १९५९ चा. कागदावर जमात नाही, व्यक्ती. पण पोलिसांची गाडी रात्री कुठल्या वस्तीकडे वळते हे वस्तीतल्या पोरांना विचारा. तुरुंगाच्या नियमांत तर सराईत म्हणजे विमुक्त जमातीचा, असा अर्थ अजून शिल्लक होता. सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगावं लागलं की हे चालणार नाही. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षांनी!

आता पुण्याला चला, साल १८९०. पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी एका कार्यक्रमाला गेली, तिथं चहा-बिस्किटं पुढे आली. पाहुण्यांत टिळक होते, रानडे होते. हा बार उडवून देणारे गोपाळराव जोशी, आनंदीबाईंचे यजमान, मोठे इरसाल गृहस्थ. त्यांनी यादी 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि शहर पेटलं. ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं, शंकराचार्यांनी चौकशीला माणसं नेमली, एका कपापायी पंक्तीला कोण चालतो कोण नाही याचा खल सुरू झाला. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं, त्यावरून सुधारकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि पुढच्याच वर्षी ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले.

टिळक-रानड्यांना कमी लेखायला हे सांगत नाही, त्यांना मनस्ताप झालाच. मला त्यातली सोय दिसते. त्यांचा दोष एका कृत्याचा होता, तारीख-वार असलेला, म्हणून तो धुवायला विधी होता. त्याच वेळी वरच्या कायद्याखाली नोंदलेल्या माणसाला कुठली काशी होती? जन्माचं प्रायश्चित्त कुठला शास्त्री सांगणार? आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांच्या प्रायश्चित्ताला दंड भरून नियमित करणं म्हणतात, एवढाच फरक.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम म्हणायचा, सगळे संतच राहतात असा मठ काढला तरी तिथं बारीकशा चुकीवरून तसाच गहजब होईल. पंचहौदचा चहा हे त्याचं पुणेरी उदाहरण. पण शिक्का कोणावर बसतो आणि कोणावर टिकतो, हे विचारायला अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर लागला. हा शिकागोत जॅझ क्लबांतून पियानो वाजवायचा, ज्यांना लोक वाया गेलेले म्हणत त्यांच्यात उठबस. १९६३ मध्ये त्यानं मांडलं की विचलन कृत्यात नसतं, लोकांनी लावलेल्या नावात असतं. मी यात थोडी भर घालीन. नाव सगळ्यांनाच लागतं, पुसायचं फडकं मोजक्यांच्याच घरी असतं.

"आणि त्या विमुक्तांच्या जातपंचायती काय कमी आहेत का?" हा प्रश्न कॉमेंटमध्ये येणार, म्हणून आधीच बोलतो. कमी नाहीत. कंजारभाटांत नवरीची कौमार्य चाचणी घेऊन नवऱ्याला पंचांपुढे जबाब द्यायला लावायचे. २०१८ मध्ये त्याविरुद्ध उभी राहिलेली पोरं त्याच समाजातली होती आणि पिंपरीत त्यांना मारही पडला. दाभोलकरांनी २०१३ मध्ये जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली, त्याच ऑगस्टात त्यांचा खून झाला. वाळीत टाकणं गुन्हा ठरवणारा आपला कायदा २०१७ मध्ये लागू झाला, तीन वर्षांपर्यंत कैद. कोकणातल्या गावकीलाही तो तितकाच लागू आहे, हे मात्र कॉमेंटवाले विसरतात. आणि ज्यांना पोलीस ठाण्याची पायरी म्हणजे हजेरीच आठवते, ते भांडण घेऊन पंचांकडेच जाणार. पंचांची जरब तिथूनच पोसली जाते. म्हणून पंच सुटत नाहीत, पण हिशेब दोन्हीकडचा मांडा.

बाईला गेल्या आठवड्यात दुसरीकडे काम लागलं. मी विचारलं, पत्ता काय दिलास? म्हणाली, "बहिणीचा ओ सर. सात रस्त्याचा."