आईला घरी न्यायचंय? आधी रजा टाका

‘उद्या सकाळी सोडतो,’ असं डॉक्टर राउंडला म्हणाले, म्हणून उद्या सकाळीच टॅक्सी बोलावू नका. मुंबईतल्या हॉस्पिटलांत ही सकाळ साधारण संध्याकाळी सहाच्या सुमारास उजाडते. तेव्हा ऑफिसला दिवसभराची रजा कळवा, डबा घ्या आणि पायात आरामशीर चपला घाला.

एक गोष्ट मनाशी पक्की करा. आईच्या हृदयाचे डॉक्टर वेगळे, किडनीचे वेगळे, गुडघ्याचे वेगळे. या तिघांची गाठ पडते ती फक्त तिच्या फाइलमध्ये, तीही एकमेकांचं अक्षर लागलं तर. ‘तिघांनी एकदा आपसांत बोलून घ्याल का?’ असलं भलतंसलतं विचारू नका. तुम्ही आहात की! किडनीवाले काय म्हणाले ते हृदयवाल्यांना तुम्ही सांगा, हृदयवाल्यांचं सिस्टरना सांगा, आणि सिस्टरची ड्यूटी दोन वाजता बदलली की नव्या सिस्टरना सगळं पहिल्यापासून सांगा. मेडिकलचं शिक्षण झालेलं नाही म्हणून संकोचू नका. बाकी सगळ्यांचं झालंय.

मग गोळ्या. आईच्या घरच्या गोळ्यांची पिशवी दाखल करताना कुणी उघडली नसेल, तर आता तुम्हीही उघडू नका. डिस्चार्ज कार्डावर नव्या गोळ्या लिहिलेल्या असतात. जुन्या बंद की चालू, हा प्रश्न ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेनुसार सोडवायचा. मेटोप्रोलॉल, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारी गोळी, घरी एका कंपनीचं होतं, वॉर्डात दुसऱ्या कंपनीचं दिलं. नावं वेगळी, म्हणजे औषधंही वेगळीच असणार. दोन्ही द्या. नाडी मंदावली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ‘वय झालं’ म्हणायला शेजारी आहेतच. लघवीची गोळी १-०-१ लिहिली असेल, तर दुसरी रात्री जेवणानंतरच द्या. ती दुपारी चारच्या आत घ्यायची असते, हे वॉर्डातल्या सिस्टरना ठाऊक असतं, पण कार्ड त्या लिहीत नाहीत. रात्री तीनदा उठावं लागलं, तर तेवढंच आईचं चालणं होईल.

चालण्यावरून आठवलं. फिजिओने वॉर्डाच्या गुळगुळीत कॉरिडॉरमध्ये वॉकर घेऊन तिला दहा पावलं चालवलं, हे पुष्कळ झालं. घर गिरगावातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, लाकडी जिना, लिफ्ट नाही, संडास गॅलरीच्या टोकाला, तोही उकिडवं बसायचा, असले खासगी तपशील तुम्ही आपणहून सांगू नका. कुणी विचारलंय का? मुळात तिला वर न्यायला चार शेजारी आणि एक खुर्ची पुरते. खाली परत कशी आणायची, ते पुढच्या वेळी बघू.

मेडिक्लेम असेल, तर काळजीच मिटली. विमा नियामकाने २०२४ मध्ये सांगूनच ठेवलंय की, हॉस्पिटलची डिस्चार्जची विनंती पोचल्यापासून तीन तासांत कंपनीने अंतिम मंजुरी द्यावी. मात्र विनंती पोचायला आधी निघावी लागते. डिस्चार्ज समरी टाइप व्हायची असते, आरएमओ, म्हणजे वॉर्डाचे निवासी डॉक्टर, ऑपरेशन थिएटरमध्ये असतात, उरलेली औषधं फार्मसीला परत गेल्याशिवाय बिलिंगवाले बिल बंद करत नाहीत. या काळात घड्याळ चालू झालेलंच नसतं, त्यामुळे नियमाप्रमाणे उशीरही झालेला नसतो.

काही वॉर्डांत एक घातक खूळ शिरलंय, त्यापासून सावध राहा. पेशंट दाखल झाल्या दिवसापासूनच घरी जायची तयारी सुरू करतात. सकाळी डॉक्टर, सिस्टर, फिजिओ, फार्मासिस्ट दहा मिनिटं एकत्र उभे राहून बोलतात, नातेवाइकालाही बोलावतात. वर म्हाताऱ्या माणसाला विचारतात, ‘आजी, कुठली गोळी कधी घ्यायची, मला सांगा बघू.’ अशाने नातेवाइकाला काम काय उरणार?

आणखी एक. लघवीचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, पाठवलं असेल, तर रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. तोवर आई घरी आणि रिपोर्ट वॉर्डात. कार्डावरच्या नंबरवर फोन लावा. ऑपरेटर वॉर्डला जोडून देईल, वॉर्ड ओपीडीला, ओपीडी लॅबला आणि लॅब पुन्हा ऑपरेटरला. हे एक काम मात्र सगळे मिळून करतात.