डीबी फुल्ल आहे साहेब

हे चार शब्द ऐकायला मी वायरमनची सहा दिवस वाट बघितली. डीबी म्हणजे घरातल्या एमसीबींची, जादा करंट गेला की आपोआप पडणाऱ्या खटक्यांची पेटी. सोमवारी फोनवर "निघालोच" म्हणाला, शनिवारी दुपारी उगवला. आल्या आल्या पहिला प्रश्न, "स्टूल आहे का?" दुसरा, "टेस्टर आहे का?" अरे मग तू घरून काय घेऊन निघालास? गाल तेवढा भरलेला होता.

एसीचा खोका आठवडाभर हॉलमध्ये उभा. बाहेर 41 डिग्री. बसवायला आलेला पोरगा भिंतीकडे बघून "वेगळी लाइन नाही, बसवत नाही" म्हणाला आणि व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. बरोबर आहे त्याचं. पण दीड टनाचा एसी गळ्यात मारताना दुकानातल्या एकाने तरी विचारलं का, की बाबा, लाइन आहे का तुझ्याकडे? तिथे नुसतं ईएमआय, ईएमआय.

तर महाराजांनी झाकण काढलं आणि शिट्टी मारली. "गिझरच्या एमसीबीवर घेऊ ना. उन्हाळ्यात गिझर कोण लावतंय?" माझे वडील लावतात. मे महिन्यात. त्यांना कढत पाणी लागतं आणि मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही. मग म्हणे, 16 अँपिअरचा काढून 32 चा टाकतो, दोन्ही एकत्र चालवा, ट्रिपच होणार नाही. अहो, तेच तर! आत 2.5 एमएमची वायर आहे, तिला 32 झेपत नाहीत. एमसीबी वायर वाचवायला असतो. 32 चा टाकला तर वायर आतल्या आत भाजेल, भिंत काळी पडेल आणि एमसीबी मख्खासारखा बघत बसेल. "सगळीकडे असंच करतो साहेब, आजवर कुठे काही झालं नाही." या वाक्याची मला शिसारी आहे. गेल्या वर्षी पहिल्या पावसात आरसीसीबी, म्हणजे शॉकपासून वाचवणारा खटका, पडायला लागला तेव्हा "बायपास करून देऊ का?" विचारणारा हाच.

आणि तो डीबी! फर्निचरवाल्याने त्याच्यासमोर चपलांचं कपाट ठोकलंय, झाकण अर्धंच उघडतं. बिल्डरच्या माणसाने आत पेन्सिलीने 'बे 2' लिहून ठेवलंय. बेडरूम? बेसिन? बाल्कनी? आठ वर्षं झाली, कळलेलं नाही. त्यामुळे काल पुन्हा तोच तमाशा. वायरमन खटका पाडतो, मी ओरडतो, "गेली का?" आतून बायको, "नाही!" "आता?" "आता टीव्ही गेला!" वडील, "अरे मॅच चालू आहे!"

हॉल, दोन बेडरूम, किचन, दोन गिझर, वॉशिंग मशीन. सात झाले. आठवा पाडला तर घरात काहीच बंद पडेना. पंखे फिरतायत, फ्रिज चालू. वायरमन माझ्याकडे बघतोय, मी वायरमनकडे.

"तुझ्या कारंज्याचा आहे तो," बायको किचनमधून.

लॉकडाउनमध्ये मी बाल्कनीत कारंजं केलं होतं. 18 वॅटचा पंप. त्याला "स्वतंत्र सर्किटच पाहिजे, तडजोड नको" असं या इसमाला मीच ठणकावलं होतं, अर्धा तास लेक्चर देऊन. कारंजं तीन आठवडे चाललं, मग डास झाले. आता त्यात कोरफड आहे.

"मी तेव्हाच म्हणलो होतो साहेब, एक जागा ठेवा." म्हणाला होता खरं. नेमकं हेच कसं लक्षात राहतं यांच्या? सोमवारचं राहत नाही ते!

असो. कारंज्याच्या जागी 20 चा एमसीबी बसतोय, डीबी बदलायला नको. फक्त बेडरूमपर्यंत चार एमएमची नवी वायर ओढायची. ती त्याच्याकडे नव्हती, अर्थातच. "दहा मिनिटांत घेऊन येतो" म्हणून गेला, त्याला आता 26 तास झाले. जाताना माझा टेस्टर खिशात घालून गेलाय.