आदिवासी रुग्णाचे मन जपण्याचे सोपे उपाय

आदिवासी भागात मानसिक आरोग्याची सेवा कशी द्यावी, याविषयी अहवाल पुष्कळ निघाले आहेत. परंतु ते वाचायला सवड कोणाला असते? म्हणून गेल्या महिन्यात एका शासकीय रुग्णालयात मनोविकार विभागाबाहेरच्या बाकावर साडेचार तास बसून मी जे शिकले, ते आपल्यासारख्या होतकरू डॉक्टरांच्या, अधिकाऱ्यांच्या आणि प्रकल्प-समन्वयकांच्या उपयोगासाठी लिहून ठेवत आहे. मी मेळघाटातल्या धारणी तालुक्यात राहते, इथल्या कोरकू आदिवासींची भाषा कामापुरती बोलते आणि मानसशास्त्राची कोणतीही पदवी माझ्याजवळ नाही. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

सर्वांत आधी भिंत रंगवून घ्यावी. विभागाच्या दारापाशी गेरूच्या रंगावर पांढरी वारली चित्रे काढली की सांस्कृतिक बाजू निम्मी सांभाळली जाते. वारली पालघर-ठाण्याकडचे आणि कोरकू मेळघाटातले, दोघांच्या मध्ये अख्खा महाराष्ट्र आडवा पसरलेला आहे, हे रंगाऱ्याला सांगत बसू नये. तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरलेली माणसे पाहून कोणत्याही आदिवासीला आपल्या घरी आल्यासारखे वाटलेच पाहिजे, आणि तसे न वाटल्यास ते आजाराचे लक्षण समजून कागदावर नोंदवावे.

उपचार शक्य तितके लांब ठेवावेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात 1996 पासून आहे, आणि त्याच्या नावातच ‘जिल्हा’ असल्याने तो जिल्ह्याच्या ठिकाणीच शोभतो. धारणीहून अमरावती घाटरस्त्याने जवळजवळ दीडशे किलोमीटर पडते आणि नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय त्याच्या दुप्पट. राज्यातली उरलेली तीन मनोरुग्णालये ठाणे, येरवडा आणि रत्नागिरी येथे आहेत, म्हणजे मेळघाटातल्या माणसाला निवडीचे स्वातंत्र्यही भरपूर आहे. एवढा प्रवास करून जो पोचतो त्याचा आजार खरा, जो पोचत नाही तो बरा झाला असे धरावे.

दूरध्वनीची सोय आहेच, असेही सांगता येते. 2022 च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे वीस भाषांत समुपदेशन मिळते. त्या वीसांत कोरकू नाही, आणि रेंजसाठी ज्या टेकडीवर चढावे लागते तेथे आधीच चार जण फोन धरून उभे असतात, या किरकोळ गोष्टी आहेत. रडायचे असेल तर खाली उतरून रडावे.

शिबिराची तारीख होळीच्या, म्हणजे कोरकूंच्या सर्वांत मोठ्या सणाच्या, आठवड्यातली ठरवावी.

आता मुख्य विषय, म्हणजे भाषा. ज्या बाईंना मी घेऊन गेले होते त्यांना मी मावशी म्हणते. त्यांचा मुलगा हरभऱ्याच्या सोंगणीसाठी खाली अकोल्याकडे गेला होता, तो तिकडेच वारला. तेव्हापासून मावशी जेवेनात, आणि रात्री दारापाशी मुलगा हाक मारतो म्हणून उठून बसू लागल्या. कोरकूंमध्ये माणूस गेल्यावर पुढे सिडोली करतात. मृताच्या नावाने कोरलेला लाकडी खांब उभारला जातो, त्यावर चंद्र-सूर्य असतात, आणि त्यानंतरच गेलेला माणूस पितरांत जाऊन बसतो. सिडोलीला पैसा लागतो. मावशींकडे तो नव्हता, म्हणून मुलगा अजून दाराबाहेर उभा होता. हे एवढे कळायला मला कोरकू फार चांगली यावी लागली नाही. मावशींच्या घरी एकदा चहा प्यावा लागला.

रुग्णालयात ‘रक्ताचे नाते नाही, बाहेर थांबा’ असे सांगून मला गोपनीयतेच्या कारणास्तव पडद्यापलीकडे बसवण्यात आले. गोपनीयता इतकी कडक होती की पडद्याआडचा प्रत्येक शब्द माझ्यासह रांगेतल्या अकरा माणसांनी ऐकला. मावशींची सून आत होती, पण तिला हिंदी बाजारापुरती येते. तेव्हा ‘अरे, आपल्याकडे कोणी आदिवासी आहे का?’ अशी हाक गेली आणि वॉर्डातला एक सफाई कर्मचारी आणला गेला. तो भला माणूस गडचिरोलीकडचा गोंड होता. गोंडी ही द्राविड कुळातली भाषा, तेलुगूच्या नात्यातली. कोरकू मुंडा कुळातली, संथाळीच्या नात्यातली. मराठी रुग्णाला समजावून घेण्यासाठी तमिळ दुभाषी बोलावला तर आपण हसू, परंतु येथे दोघेही आदिवासी असल्याने काम भागायला हरकत नव्हती. त्या बिचाऱ्याने हात जोडून सांगितले की, साहेब, मला यांचे काही कळत नाही. त्या खोलीतले हे एकमेव प्रामाणिक निदान होते, पण कागदावर ते आले नाही.

कागदावर काय आले? प्रश्न असा विचारला गेला की, ‘कानात आवाज येतात का?’ सुनेने तो मोडक्या कोरकूत नव्हे, चांगल्या कोरकूत विचारला, आणि मावशींनी खरे उत्तर दिले की हो, मुलाचा येतो. पुढचा प्रश्न, म्हणजे तो मुलगा कुठे आहे आणि केव्हा गेला, हा विचारला गेला नाही. माझ्या घड्याळात चार मिनिटे झाली होती. गोळ्यांची दोन पाकिटे मिळाली, आणि केसपेपरवर ‘इन्साइट : निल’, म्हणजे स्वतःच्या आजाराची जाण शून्य, असा शेरा पडला. ज्या डॉक्टरांना समोरच्या बाईचा एक शब्द कळला नाही, त्यांनी त्या बाईला स्वतःविषयी काहीच कळत नाही असे लिहून दिले! गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू येणे हे दुःखात अनेकांना होते, शहरातल्या शिकलेल्यांनाही होते, आणि ते प्रत्येक वेळी वेडाचे लक्षण नसते, हे मनोविकारशास्त्राच्या पुस्तकांत लिहिलेले आहे. मी पुस्तक वाचलेली बाई नाही, मला ते ठाऊक आहे. ज्यांनी परीक्षा दिली त्यांना ते ठाऊक नसेल असे मी मानणार नाही. त्यांना फक्त विचारायचे नव्हते.

असो, सूचनांकडे वळते.

कार्यशाळा घ्यावी. ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ हा शब्द फलकावर मोठ्या अक्षरांत असावा. हा विचार न्यूझीलंडमधील माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी मांडला, आणि त्यात एक फारच अडचणीची गोष्ट आहे: सेवा सुरक्षित होती की नाही हे सेवा देणाऱ्याने ठरवायचे नसते, ते घेणाऱ्याने सांगायचे असते. ही स्लाइड गाळावी. जेवणाच्या सुटीनंतर आदिवासी नृत्य ठेवावे.

भूमकाचे, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूचे, काय करावे, हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर सोपे आहे: एका हाताने त्याला 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याची भीती दाखवावी आणि दुसऱ्या हाताने त्याला ‘सहभागी भागीदार’ म्हणून मेळाव्याचे निमंत्रण द्यावे. भूमका संत नसतो. तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देण्याचा ‘डंबा’ हा प्रकार मी पाहिला आहे आणि त्याची बाजू मी घेणार नाही. परंतु मावशींच्या गावच्या भूमकाने त्यांना ओसरीवर बसवून घेतले, मुलगा कधी गेला, कुठे गेला, शेवटचा काय बोलला हे विचारले, सिडोली करा म्हणाला आणि मग म्हणाला, ‘बाई जेवत नाही, तिला दवाखान्यातही न्या.’ दवाखान्यात पाठवणारा तो होता. दवाखान्यातून त्याच्याकडे चिठ्ठी कोणी पाठवत नाही.

कायद्याची मात्र काळजी करू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा आहे. त्याच्या कलम 18 मध्ये संस्कृतीवरून भेदभाव नको, आणि सेवा रुग्णाला व त्याच्या घरच्यांना स्वीकारार्ह वाटेल अशा रीतीने द्यावी, असे म्हटले आहे. कलम 4 मध्ये माहिती रुग्णाला समजेल अशा सोप्या भाषेत द्यावी असेही आहे. छापील कागदाने कोणाचे काही वाकडे झाल्याचे ऐकिवात नाही. 2018 साली डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आदिवासी आरोग्याच्या दहा ठळक समस्या मांडल्या, त्यांत व्यसन आणि मानसिक आरोग्यही होते. तो अहवालही कपाटात चांगला दिसतो.

नाही, मला हा थट्टेचा सूर आता पुढे नेता येत नाही.

साहेब, तुम्हाला लाज कशी वाटत नाही? धारणीत बारावी झालेल्या, कोरकू आणि मराठी दोन्ही बोलणाऱ्या मुली घरी बसल्या आहेत. त्यांतल्या दोघींना दुभाषी म्हणून पगारावर ठेवायला कोणता मोठा निधी लागतो? भिंतीच्या रंगाला मिळाला होता ना? नाशिकच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ नावाच्या कामात गावातलीच माणसे शिकवून तयार केली गेली. ती शेजाऱ्याचे दुःख ओळखत होती, ऐकून घेत होती, आणि गरज पडली तर पुढे डॉक्टरांकडे नेत होती. पेठही आदिवासी तालुकाच आहे. तेथे जमले, तर तुम्हाला ‘त्यांच्यात जागृतीच नाही’ असे म्हणण्याचा अधिकार कोणी दिला? पहाटे चारला उठून दीडशे किलोमीटर आलेल्या बाईला जागृती नाही, आणि चार मिनिटांत तिला वेडी ठरवणाऱ्याला आहे? गोळ्या वाईट असे मी म्हणत नाही. आमच्या गावात खरोखर औषधाची गरज असलेली दोन माणसे आहेत, एक तर घरात खाटेला बांधलेला आहे, आणि मावशींचा अनुभव ऐकल्यापासून त्यांच्या घरचे तुमच्या दारात यायला तयार नाहीत. हे तुम्ही केले आहे. त्यांच्या अंधश्रद्धेने नव्हे, तुम्ही.

सिडोलीसाठी गावाने वर्गणी काढली आहे. गोळ्यांची पाकिटे मावशींच्या फळीवर तशीच आहेत, कारण त्या कशासाठी आणि किती दिवस घ्यायच्या हे त्यांना कळेल अशा भाषेत कोणी सांगितले नाही, आणि कोणती बंद करावी हे सांगण्याचा अधिकार मला नाही. केसपेपरवर पुढची तारीख पडली आहे; ती होळीच्या दुसऱ्या दिवसाची आहे. त्या दिवशी मेळघाटातून एस.टी. मिळत नाही, म्हणून आम्ही दोन दिवस आधी येतो आहोत. या वेळी पडद्याच्या आत मी बसणार आहे, आणि बाहेर थांबा म्हणालात तर कलम 4 मोठ्याने वाचणार आहे, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.