मेंदू हार्ड डिस्क नाही, आणि एआयही नाही

पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. त्याचा गाभा असा: एआयमधलं न्यूरल नेटवर्क (एकमेकांना जोडलेल्या साध्या गणिती घटकांचं जाळं) ही मानवी मेंदूची हुबेहूब नक्कल आहे. जीपीटीमध्ये (चॅटजीपीटीमागच्या एआयमध्ये) १७५ अब्ज न्यूरॉन (चेतापेशी) आहेत आणि आपल्या डोक्यात फक्त ८६ अब्ज, म्हणजे मशीन पुढे गेलं. मेंदू ही २.५ पेटाबाइटची हार्ड डिस्क आहे. जन्मापासूनचं सगळं तिच्यात साठलेलं असतं, फक्त आपल्याला ते सापडत नाही. मशीन मात्र काही विसरत नाही आणि आपल्याशी बोलता बोलता रोज नवं शिकतं. तेव्हा मुलांनी लक्षात ठेवण्यात वेळ घालवू नये, ‘कसं विचारायचं’ तेवढं शिकावं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. पालकसभेत हा मजकूर मला वाचून दाखवला गेला आणि पाठोपाठ प्रश्न आला, ‘मग मॅडम, पाढे कशाला पाठ करायला लावता?’ प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्याला उत्तर मिळायला हवं. मजकुरातल्या इतर चुकांपेक्षा मला शेवटच्या सल्ल्याची जास्त काळजी वाटते. पण तो सल्ला आधीच्या दाव्यांवर उभा आहे, म्हणून एकेक दावा घेते.

‘न्यूरल नेटवर्क ही मेंदूची हुबेहूब नक्कल आहे.’

प्रेरणा मेंदूचीच, हे खरं. १९४३ मध्ये वॉरन मॅककलक आणि वॉल्टर पिट्स यांनी चेतापेशीचं, म्हणजे न्यूरॉनचं, अगदी साधं गणिती रूप मांडलं: येणाऱ्या संदेशांची बेरीज करायची, ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तर पेशी पुढे संदेश पाठवते, नाहीतर गप्प राहते. १९४९ मध्ये डोनाल्ड हेब यांनी सुचवलं की एक पेशी दुसरीला चेतवण्यात वारंवार हातभार लावत असेल, तर दोघींमधला जोड घट्ट होत जातो. १९७३ मध्ये टिम ब्लिस आणि टेर्ये लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी संबंधित भागात, हे घट्ट होणं प्रत्यक्ष मोजून दाखवलं. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजराच्या मेंदूत दृष्टीचं काम कसं चालतं ते पाहिलं, आणि त्यावरूनच कुनिहिको फुकुशिमा यांनी १९८० मध्ये चित्रं ओळखणारं नेटवर्क बेतलं. इथपर्यंतचं नातं पक्कं आहे.

पण आजची नेटवर्कं ज्या रीतीने शिकतात ती रीत मेंदूत पाहून घेतलेली नाही. तिला बॅकप्रोपगेशन म्हणतात. नेटवर्क एक उत्तर देतं, ते बरोबर उत्तराशी ताडून चूक मोजली जाते, मग त्या चुकीत प्रत्येक जोडाचा वाटा किती हे गणिताने शेवटाकडून सुरुवातीकडे काढत नेतात आणि सगळे जोड किंचित बदलतात. डेव्हिड रुमेलहार्ट, जेफ्री हिंटन आणि रोनाल्ड विल्यम्स यांच्या १९८६ च्या निबंधामुळे ही रीत सर्वदूर पोहोचली. तीनच वर्षांनी फ्रान्सिस क्रिक यांनी ‘नेचर’मध्ये तिच्यावर बोट ठेवलं. डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी ते एक. पुढे मेंदूच्या अभ्यासाकडे वळले होते. त्यांचा आक्षेप सरळ होता: चेतापेशीच्या तंतूतून संदेश एका दिशेने जातो, चुकीची इतकी नेमकी माहिती त्याच वाटेने मागे येते असा पुरावा मेंदूत नाही. त्यानंतर बरंच काम झालं. २०१६ मध्ये टिमोथी लिलिक्रॅप आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मागे येणारी वाट नेमकी नसली, तिच्यातले जोड कसेही निवडलेले असले, तरी नेटवर्क शिकू शकतं. म्हणजे मेंदूत या रीतीचं एखादं भावंड सापडण्याची शक्यता अजून खुली आहे. शक्यता खुली असणं आणि हुबेहूब नक्कल असणं यांत फार अंतर आहे.

आणखी एक गोष्ट. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये मेंदूच्या बाह्यपटलातल्या एकाच चेतापेशीची संगणकावर तपशीलवार प्रतिकृती घेतली आणि तिच्यासारखं वागणारं कृत्रिम नेटवर्क बनवायला किती थर लागतात ते पाहिलं. पाच ते आठ थर लागले. एका पेशीसाठी!

‘१७५ अब्ज विरुद्ध ८६ अब्ज.’

हे आकडे खरे आहेत, तुलना खोटी आहे. २०२० च्या जीपीटी-३ मध्ये १७५ अब्ज ‘पॅरामीटर’ आहेत, न्यूरॉन नव्हेत. पॅरामीटर म्हणजे साधारणपणे जोडाचं वजन. त्याची तुलना करायचीच तर मेंदूतल्या पेशींशी नव्हे, पेशींमधल्या जोडांशी, म्हणजे सिनॅप्सशी, करावी लागेल. ते अंदाजे शंभर लाख कोटी आहेत.

‘मेंदू ही २.५ पेटाबाइटची हार्ड डिस्क आहे, सगळं साठलेलं असतं.’

२.५ पेटाबाइट हा आकडा एका मानसशास्त्रज्ञाने २०१० मध्ये एका विज्ञान मासिकात वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देताना केलेला ढोबळ अंदाज आहे. मोजमाप नाही. ‘सगळं साठलेलं असतं’ या कल्पनेचं मूळ बहुधा मॉन्ट्रियलच्या वाइल्डर पेनफील्ड यांच्या शस्त्रक्रियांत आहे. अपस्माराच्या रुग्णांवर ते जागेपणी शस्त्रक्रिया करत. मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य वीज लावली की काही रुग्णांना जुनी गाणी ऐकू येत, जुने प्रसंग दिसत. मेंदू आयुष्यभराची अखंड नोंद ठेवतो, असं पेनफील्ड यांना त्यावरून वाटलं. पण असे अनुभव थोड्याच रुग्णांना आले, आणि ते प्रसंग खरोखर तसेच घडले होते का, हे पडताळलेलं नव्हतं.

हार्ड डिस्कच्या कल्पनेला सर्वांत मोठा धक्का एका माणसामुळे बसला. हेन्री मोलायसन, अनेक वर्षं ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनीच ओळखले गेले. अपस्मार थांबावा म्हणून १९५३ मध्ये त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढून टाकला. त्यानंतर नव्या घटना त्यांच्या लक्षात राहीनात. कॅनडाच्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणीची बाह्यरेषा गिरवायला दिली. तीन दिवसांत त्यांचा हात सफाईदार झाला, आणि तरीही आपण हे आधी केलं आहे असं त्यांना एकदाही आठवत नसे. बालपणीच्या आठवणी शाबूत होत्या, नवं कौशल्य येत होतं, नव्या घटना मात्र टिकत नव्हत्या. सगळं एकाच तबकडीत असतं तर असं होऊ शकलं नसतं.

आठवण बाहेर काढली की ती जशीच्या तशी परत जागेवर जाते, हेही खरं नाही. २००० मध्ये करीम नादेर, ग्लेन शॅफी आणि जोसेफ लडू यांनी उंदरांना एका आवाजाची भीती शिकवली. आठवण पक्की झाल्यावर तोच आवाज पुन्हा ऐकवला आणि लगेच त्यांच्या अमिग्डलामध्ये (मेंदूतल्या भीतीशी संबंधित भागात) प्रथिनं तयार होणं थांबवणारं औषध दिलं. भीती ओसरली. आवाज न ऐकवता औषध दिलं, तेव्हा भीती तशीच राहिली. म्हणजे आठवताना आठवण पुन्हा मऊ होते आणि तिला पुन्हा पक्कं व्हावं लागतं. त्या अवधीत ती बदलू शकते. माणसांच्या आठवणी बदलू शकतात हे मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ मध्येच दाखवला होता. अपघाताची फिल्म दाखवून काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, ‘जोरात आदळल्या’ तेव्हा किती होता. आठवड्यानंतर ‘आदळल्या’ ऐकलेल्यांपैकी ३२ टक्क्यांना फुटलेल्या काचा आठवल्या, ‘लागल्या’ ऐकलेल्यांपैकी १४ टक्क्यांना. फिल्ममध्ये काचा फुटल्याच नव्हत्या. आयुष्यातला जवळजवळ प्रत्येक दिवस सांगू शकणारी काही विरळा माणसं आहेत. २०१३ मध्ये त्यांचीही अशी परीक्षा घेतली, तर तीही इतरांइतकीच फसली.

‘मशीन काही विसरत नाही.’

हा दावा वाचून मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटलं, कारण विसरणं हा न्यूरल नेटवर्कचा जुना आणि बदनाम आजार आहे. १९८९ मध्ये मायकल मॅक्लॉस्की आणि नील कोहेन यांनी एका लहान नेटवर्कला आधी एकच्या बेरजा शिकवल्या: १ + १, १ + २, ५ + १ अशा. त्या पक्क्या झाल्यावर दोनच्या बेरजा शिकवायला घेतल्या. काही फेऱ्यांतच एकच्या बेरजा कोलमडल्या. कारण दोन्ही बेरजा त्याच जोडांमध्ये लिहिलेल्या. नव्यासाठी जोड बदलले की जुनं पुसलं जातं. आमच्या दुसरीतल्या मुलांना तीनचा पाढा आला म्हणून दोनचा जात नाही. गोंधळ होतो, पण पाढा उडून जात नाही.

असं का? याचं आजवरचं सर्वांत पटणारं उत्तर जेम्स मॅक्लेलंड, ब्रूस मॅकनॉटन आणि रँडल ओरायली यांनी १९९५ मध्ये दिलं. मेंदूत शिकण्याच्या दोन व्यवस्था आहेत. हिप्पोकॅम्पस नवी गोष्ट चटकन टिपतो. बाह्यपटल सावकाश शिकतं, आणि हिप्पोकॅम्पस त्याला नवी गोष्ट जुन्यांमध्ये मिसळून, पुन्हा पुन्हा ऐकवत राहतो. या ऐकवण्याचा पुरावा मॅथ्यू विल्सन आणि मॅकनॉटन यांना १९९४ मध्ये मिळाला होता: दिवसा एखाद्या जागेत फिरताना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या ज्या पेशी एकत्र चेतल्या, त्या नंतर झोपेतही एकत्र चेतत होत्या. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला दोनपर्यंत जागं ठेवणाऱ्या प्रत्येक घरात हा शोध पोहोचावा, असं मला मनापासून वाटतं. झोपेत अभ्यास थांबलेला नसतो.

गंमत अशी की मशीन बनवणाऱ्यांनाही याच वाटेने जावं लागलं. डीपमाइंड या एआय कंपनीच्या ज्या प्रोग्रॅमने २०१५ मध्ये अटारीचे ४९ व्हिडिओ गेम खेळून दाखवले, तो जुने अनुभव साठवून पुन्हा पुन्हा सरावात घेत होता. उलट दिशेनेही देवाणघेवाण झाली आहे. माकडाच्या मेंदूत डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी बक्षिसाला नव्हे, तर अपेक्षा आणि बक्षीस यांतल्या फरकाला प्रतिसाद देतात. हे कोडं १९९७ मध्ये सुटलं ते मशीन-शिक्षणातलं एक समीकरण हाताशी होतं म्हणून. दोन्ही क्षेत्रांना एकमेकांचा खरोखर उपयोग झाला आहे. ‘दोन्ही एकच’ म्हटलं की नेमकं हेच दिसेनासं होतं.

‘मशीन सगळं जसंच्या तसं लक्षात ठेवतं’ हेही अर्धंच खरं. २०२१ मध्ये संशोधकांनी जीपीटी-२ (जीपीटी-३ च्या आधीची आवृत्ती) कडून प्रशिक्षणातले काही उतारे शब्दशः काढून दाखवले. पण ते थोडे. बाकीच्या मजकुरातून त्यात उरतात त्या शब्दांच्या सवयी. म्हणून ते एखादी ओळ अचूक सांगतं आणि पुढची तितक्याच ठामपणे रचून सांगतं.

‘आपल्याशी बोलता बोलता रोज शिकतं.’

बोलताना त्याचे जोड बदलत नाहीत. प्रशिक्षण संपलं की ते गोठवलेले असतात. चालू संभाषण त्याच्यासमोर मजकूर म्हणून असतं, म्हणून त्याला ‘आठवतं’. काही ॲप तुमच्याबद्दल वेगळी टिपणं ठेवतात आणि पुढच्या वेळी मजकुरात घालतात. कंपनी तुमची संभाषणं वापरून पुढची आवृत्ती घडवू शकते, पण ते वेगळं प्रशिक्षण असतं. मूल मात्र तुमचं बोलणं ऐकताना, त्या क्षणी, बदलत असतं. आणि किती कमी ऐकून! जीपीटी-३ च्या प्रशिक्षणात सुमारे ३०० अब्ज टोकन, म्हणजे शब्द किंवा शब्दांचे तुकडे, वापरले गेले. टोकनमागे पाऊण शब्द धरला आणि रोज एक लाख शब्द वाचायचे म्हटले, तरी माणसाला सहा हजारांहून जास्त वर्षं लागतील. आमच्याकडे पहिलीत येणारं मूल सहा वर्षांचं असतं, आणि ते सफाईने मराठी बोलतं, भांडतं, थापाही मारतं.

‘म्हणून मुलांनी लक्षात ठेवू नये.’

नुसती घोकंपट्टी निरुपयोगी आहे, यावर माझं दुमत नाही. पण डोक्यात काही नसताना ‘कसं विचारायचं’ हे कळत नाही. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी बुद्धिबळपटूंना काही सेकंद पट दाखवून तो पुन्हा मांडायला सांगितला. खऱ्या डावातला पट निष्णात खेळाडूंनी नवख्यांपेक्षा कितीतरी चांगला मांडला. सोंगट्या कशाही विखुरल्या, तेव्हा त्यांची आघाडी जवळजवळ संपली. त्यांची स्मरणशक्ती अफाट नव्हती, त्यांना खेळ ठाऊक होता, आणि त्या ठाऊक असण्यामुळेच नवं दिसत होतं. उत्तर फोनमध्ये असून हे होत नाही.

लक्षात कसं ठेवायचं यावरही ठोस काम आहे. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. एका गटाने तो पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो बंद करून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणून आमच्या वर्गात पाढे कोरसमध्ये म्हणून सोडत नाही. मध्येच थांबवून ‘सात आठे?’ असं एकेकाला विचारतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो, आठवड्याने पुन्हा. ज्या मुलाला तिथे छप्पन्न चटकन सुचतं, तेच पाचवीत ५६/७२ पाहताक्षणी दोन्हीकडे आठने भाग जातो हे ओळखतं. ज्याला सुचत नाही ते अपूर्णांकापर्यंत पोहोचण्याआधीच गुणाकारात थकून जातं, आणि ‘मला गणित जमत नाही’ असं म्हणायला लागतं.