तो मुलगा तेव्हा जिवंत होता

मातृदिन आला किंवा कुठे युद्ध पेटलं, की केटे कोलविट्झ या जर्मन चित्रकर्तीचं एक चित्र फोनवर येऊन पोचतं. जमिनीवर मांडी घालून बसलेली एक नग्न बाई आणि तिच्या मिठीत मेलेलं मूल. सोबतचा मजकूर थोड्याफार फरकाने असा असतो: या चित्रकर्तीचा अठरा वर्षांचा मुलगा पहिल्या महायुद्धात मारला गेला; त्या धक्क्यात तिने एका उमाळ्यात हे चित्र रंगवलं; या दुःखानेच तिला कलावंत केलं; पुढे जन्मभर ती असहाय, रडणाऱ्या आयाच काढत राहिली. आणि शेवटी एखादं वाक्य असं, की एक्स्प्रेशनिझम (भावना तीव्रपणे मांडणारी विसाव्या शतकाच्या सुरुवातीची कलाचळवळ) म्हणजे कलावंताच्या जखमेतलं रक्त थेट चित्रात उतरणं.

हे सगळं सहानुभूतीने लिहिलेलं असतं, हे मान्य आहे. पण मुलगा युद्धात गेला हे पहिलं विधान सोडलं तर बाकी काही टिकत नाही. आणि ही चूक फक्त सनावळीची नाही. तिच्यामुळे एका फार मोठ्या चित्राचा अर्थच हातातून निसटतो.

चित्राचं नाव 'मेलेल्या मुलासह स्त्री'. साल 1903. केटेचा धाकटा मुलगा पीटर फेब्रुवारी 1896 मध्ये जन्मला. म्हणजे चित्र झालं तेव्हा तो सात वर्षांचा होता. तो मारला गेला ऑक्टोबर 1914 मध्ये, बेल्जियममधल्या डिक्समाउडेजवळ. मधे अकरा वर्षं आहेत.

'त्या धक्क्यात' या दाव्याला एवढं उत्तर पुरेसं आहे, पण खरी गोष्ट याच्या पुढे सुरू होते. चित्रातलं मेलेलं मूल पीटरच आहे. केटेने आरशासमोर बसून, त्याला हातावर घेऊन, स्वतःला आणि त्याला रेखाटलं. सात वर्षांचं पोर हलकं नसतं. त्याला तसंच धरून काम करताना ती कण्हत होती, तेव्हा त्यानेच आईची समजूत घातली की उगी राहा, चित्र छानच होईल. हे तिने स्वतः पुढे एका पत्रात लिहून ठेवलं आहे.

हे कळल्यावर चित्राकडे पुन्हा पाहा. बाईचे गुडघे, पोटऱ्या, दंड अवाढव्य आहेत, कष्टाने घडलेल्या शरीराचे. मुलाचं डोकं मागे कललंय, त्याचा चेहरा उजेडात आहे. तिचा चेहरा मात्र त्याच्या छातीत खुपसलेला. तिचं नाक-तोंड त्याच्या अंगाला इतकं भिडलंय, की ती त्याला हुंगते आहे, चावते आहे, की परत पोटात घेऊ पाहते आहे, हे सांगता येत नाही. ख्रिस्ती परंपरेत मेलेल्या ख्रिस्ताला मांडीवर घेतलेल्या मेरीची चित्रं शेकडो आहेत. त्यांतली मेरी वस्त्रांत लपेटलेली, सावरलेली असते आणि आपला मुलगा जगाला दाखवत असते. इथली बाई कुणाला काही दाखवत नाही. कुणी पाहतंय याचंही तिला भान नाही. आणि या बाईच्या हातांत, प्रत्यक्षात, एक ऊबदार, श्वास घेणारं, बोलणारं पोर होतं.

केटेची जुनी मैत्रीण बेआटे बोनुस-येप हिने हे चित्र एका प्रदर्शनात अचानक पाहिलं आणि ती हादरली. छोट्या पीटरला काही झालं तर नाही ना, असं तिच्या मनात आलं. म्हणजे आज फिरणारा गैरसमज पीटर जिवंत असतानाच एकदा होऊन गेला होता, तोही जिवलग मैत्रिणीला. तिची चूक समजण्यासारखी आहे. आपल्यापुढे तर तारखा आहेत.

मग ही भीती आली कुठून? ती आणण्यासाठी महायुद्धाची गरज नव्हती. केटेचा सगळ्यात धाकटा भाऊ बेंजामिन तान्हेपणीच मेंदूज्वराने गेला होता आणि आईने ते दुःख कसं गिळलं हे तिने लहानपणी पाहिलं होतं. 1891 मध्ये ती लग्न होऊन बर्लिनला आली. नवरा कार्ल डॉक्टर होता, कामगारांच्या वस्तीत प्रॅक्टिस करायचा. दवाखाना आणि घर एकाच इमारतीत. आजारी पोरं घेऊन येणाऱ्या, नवऱ्याच्या बेकारीने आणि लागोपाठच्या बाळंतपणांनी पिचलेल्या बायका तिला रोज भेटत. त्या काळच्या जर्मनीत जन्मलेल्या दर पाच बाळांतलं साधारण एक वर्षाच्या आत दगावत असे. तापाने फणफणलेल्या पोराच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना हे पाहणं ही घरोघरची गोष्ट होती. केटेने ती भीती तिच्या टोकापर्यंत नेली, आणि तीही आपल्याच पोराला हातावर घेऊन. माझ्या मते मुलाच्या मृत्यूनंतर चित्र काढण्यापेक्षा हे अधिक धाडसाचं आहे.

आता 'एका उमाळ्यात रंगवलं' याबद्दल. हे रंगवलेलं चित्र नाहीच, एचिंग आहे, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून कागदावर घेतलेला ठसा. पत्र्यावर लेप चढवायचा, सुईने तो खरवडून रेषा काढायच्या, पत्रा आम्लात सोडायचा, आम्लाने खाल्लेल्या रेषांत शाई भरायची आणि दाबयंत्रातून ठसा काढायचा. ठसा पाहून पत्र्यावर पुन्हा काम, पुन्हा ठसा. या एका चित्रासाठी केटेने आम्लाने कोरलेल्या रेषा वापरल्या, कोरड्या सुईने पत्रा थेट ओरखडला, त्यावर सँडपेपर चालवला आणि मऊ लेपावर कागदाचा पोत दाबून घेतला. बाईच्या त्वचेवरचा तो खरबरीत, मातकट पोत असा आला आहे. काही ठशांत तर तिने मागे सोनेरी रंग छापून पाहिला. उमाळ्यात असं काम होत नाही. ज्या भीतीचं नावही काढवत नाही तिच्यासमोर दिवसेंदिवस शांत डोक्याने बसून, हा काळा पुरेसा काळा आहे का, हा हात पुरेसा घट्ट आहे का, हे तपासत राहावं लागतं. 'उमाळा' म्हटलं की ही सगळी मेहनत पुसली जाते, आणि स्त्री कलावंतांच्या बाबतीत ती फार सहज पुसली जाते याचा मला राग येतो.

दुःखाने तिला कलावंत केलं, हा दावा लवकर निकालात निघतो. पीटर गेला तेव्हा केटे 47 वर्षांची होती. विणकरांच्या उठावावरची तिची सहा चित्रांची मालिका 1898 मध्ये बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात लागली होती. ज्येष्ठ चित्रकार आडोल्फ मेन्झेल यांनी तिच्यासाठी सुवर्णपदकाची शिफारस केली आणि सम्राट दुसरा विल्हेल्म याने ती फेटाळली. सोळाव्या शतकातल्या शेतकऱ्यांच्या युद्धावरची मालिका 1908 मध्ये पुरी झाली होती. त्या मालिकेतल्या एका चित्रात रात्रीच्या काळोखात, कंदिलाच्या उजेडात एक म्हातारी प्रेतांच्या खचातून आपला मुलगा शोधते आहे. हे चित्र 1907 चं, म्हणजे तेही युद्धाच्या आधीचं.

उलट, पीटरच्या मृत्यूने तिचा हात कितीतरी वर्षं अडवला. त्या दुःखात आणखी एक काटा होता आणि फिरणारा मजकूर त्याच्याविषयी गप्प असतो. पीटर स्वेच्छेने सैन्यात गेला. तो सज्ञान नव्हता, त्यामुळे वडिलांची परवानगी लागत होती. कार्लचा विरोध होता. केटेने मुलाची बाजू घेतली आणि नवऱ्याचं मन वळवलं. काही आठवड्यांत मुलगा गेला. या आईला नुसतं दुःख नव्हतं. आपणच त्याला जाऊ दिलं, हे ओझं तिच्यावर होतं. 1903 चं चित्र या मृत्यूला चिकटवलं की हे ओझं दिसेनासं होतं आणि उरते फक्त एक बिचारी आई.

पीटरसाठीचं दुःख पाहायचं असेल तर ते दुसरीकडे आहे. तो गेल्यानंतर लगेच तिने त्याच्या स्मारकाचा विचार सुरू केला. आधीच्या आराखड्यात आडवा पडलेला मुलगा होता. मग ते काम तिने बाजूला ठेवलं, वर्षांनी पुन्हा हाती घेतलं, आणि 1932 मध्ये बेल्जियममधल्या जर्मन सैनिकी दफनभूमीत दोन दगडी मूर्ती उभ्या राहिल्या. गुडघे टेकलेला बाप, गुडघे टेकलेली आई. दोघं वेगवेगळ्या चौथऱ्यांवर, ज्याने त्याने स्वतःलाच कवटाळलेलं. त्यांत मुलगा नाही. 1903 च्या चित्रात जी मिठी आहे ती इथे सुटलेली आहे, आणि नवरा-बायकोही एकमेकांना हात लावत नाहीत. अठराएक वर्षं लागली या कामाला. नंतर पीटरची कबर आणि या मूर्ती जवळच्याच व्लाड्सलो इथल्या दफनभूमीत हलवण्यात आल्या.

दुसरी जागा म्हणजे 'युद्ध' ही सात वुडकटची, म्हणजे लाकडी ठोकळ्यावर कोरून घेतलेल्या ठशांची, मालिका. एचिंग आणि लिथोग्राफमध्ये (दगडावरून घेतलेल्या ठशांत) तिने या विषयाशी झटापट करून पाहिली, समाधान झालं नाही. 1920 मध्ये जर्मन शिल्पकार एर्न्स्ट बारलाखचे वुडकट पाहिले आणि तिला वाट सापडली. काळं आणि पांढरं, मधली छटा नाही, लाकडात सुरी घातल्यासारखे घाव. तिच्या कामात एक्स्प्रेशनिझम म्हणण्यासारखं काही असेल तर ते प्रामुख्याने इथे आहे. पहिल्याच चित्रात एक आई तान्हं बाळ दोन्ही हातांनी पुढे धरते आहे, बळी द्यावा तसं. दुसऱ्यात मृत्यू ढोल वाजवत तरुणांना घेऊन निघाला आहे आणि त्याच्या अगदी शेजारी पीटर आहे. आपण हे मूल दिलं, अशी कबुली या दोन चित्रांत मला दिसते.

'असहाय, रडणाऱ्या आया' हा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो. तिच्या आया कोवळ्या आहेत, उघड्या आहेत, त्यांचं काहीही हिरावलं जाऊ शकतं. पण त्या हात जोडून बसलेल्या नाहीत. ऑक्टोबर 1918 मध्ये, हरत चाललेल्या युद्धासाठी आणखी स्वयंसेवक मागणाऱ्या कवी रिचर्ड डेमेलला तिने 'फोरवेर्ट्स' या वृत्तपत्रातून जाहीर उत्तर दिलं: पुरे झाले मृत्यू. आणि जर्मन कवी गटेच्या शब्दांचा आधार घेतला, की पेरणीचं बियाणं दळायचं नसतं. 1920 च्या दशकात गर्भपातबंदीच्या कायद्याविरुद्ध तिने पोस्टर केलं. त्यावर एका पोराला कडेवर घेतलेली, दुसऱ्याचा हात धरलेली, पुन्हा गरोदर असलेली दमलेली बाई आहे. मातृत्वाचा गौरव करणाऱ्या पोस्टांत हे चित्र कधीच येत नाही. तिच्या एका छोट्या शिल्पात आया गोल कडं करून उभ्या आहेत, पोरं आत कोंडलेली, बाहेरून कुणाचा हात पोचू नये म्हणून. ते 1938 मध्ये नाझींनी प्रदर्शनातून काढायला लावलं. तिच्या शेवटच्या लिथोग्राफमध्ये तेच बियाण्याचं वाक्य शीर्षक म्हणून आलं आहे: एक म्हातारी, दंड ताठ पसरलेले, त्यांच्याखाली डांबून ठेवलेले तीन मुलगे. एकजण खट्याळपणे बाहेर डोकावतो आहे, सुटायला बघतो आहे. हे 1942 च्या आसपासचं. त्याच वर्षी तिचा नातू, त्याचंही नाव पीटर, पूर्व आघाडीवर मारला गेला.

राहिला एक्स्प्रेशनिझम आणि जखमेचा मुद्दा. 1903 मध्ये एक्स्प्रेशनिझम या नावाची चळवळच नव्हती. ड्रेस्डेनमधला एक्स्प्रेशनिस्ट चित्रकारांचा 'ब्र्युके' हा गट 1905 चा, आणि केटेने स्वतःला त्या मंडळींत कधी गणलं नाही. शिवाय आयुष्यातली घटना आधी आणि चित्र नंतर, हा क्रम इतर ठिकाणीही फसतो. पाउला मोडरझोन-बेकर या जर्मन चित्रकर्तीने पॅरिसमध्ये मे 1906 मध्ये, लग्नाच्या वाढदिवशी, कमरेपर्यंत उघडं, पोट पुढे आलेलं स्वतःचं चित्र काढलं. ते 'गरोदरपणातलं आत्मचित्र' म्हणून सर्रास फिरतं. तेव्हा ती गरोदर नव्हती. नवऱ्याला सोडून आली होती. मुलगी झाली नोव्हेंबर 1907 मध्ये, आणि अठरा दिवसांनी पाउला वारली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. ऑस्ट्रियन चित्रकार एगॉन शीलेचं 'कुटुंब' हे चित्रही असंच, बायको एडिथ आणि न जन्मलेलं बाळ म्हणून सांगितलं जातं. एडिथ गरोदरपणी 28 ऑक्टोबर 1918 ला इन्फ्लुएन्झाने गेली आणि तीन दिवसांनी तो. पण हे चित्र त्याच वर्षी मार्चमध्ये प्रदर्शनात 'उकिडवं जोडपं' या नावाने लागलं होतं आणि त्यातली बाई एडिथसारखी दिसत नाही.

यावर काहीजण म्हणतात, मग त्यांना पुढचं आधीच जाणवलं असणार. ही पळवाट आहे. केटेला 1914 दिसलं नव्हतं. तिला 1903 दिसत होतं: दवाखान्याच्या जिन्यावरच्या बायका, आणि आरशात स्वतःच्या हातावरचा सात वर्षांचा मुलगा.

एका गोष्टीत मात्र मजकूर लिहिणाऱ्यांचा गोंधळ समजू शकतो. तिचं मांडीवर मेलेला मुलगा घेतलेलं एक शिल्प आहे, 1937 ते 39 च्या दरम्यानचं, आणि त्याचं काम ती पीटरच्या स्मृतिदिनी करत होती अशी तिच्या डायरीत नोंद आहे. त्याची मोठी प्रतिकृती 1993 पासून बर्लिनच्या नॉये वाखे या राष्ट्रीय स्मारकात आहे. या दोन्ही कामांची सरमिसळ बहुधा इथूनच होते.

तेव्हा पीटरसाठी काही पाठवायचं असेल तर व्लाड्सलोच्या त्या दोन मूर्तींचा फोटो पाठवा. आणि मिठीतलं मूल पाठवायचं असेल तर खाली इतकंच लिहा: केटे कोलविट्झ, 1903, एचिंग, मुलासाठी मॉडेल म्हणून बसला पीटर, वय सात.