"काही घडतच नाही" : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, आयरिश कादंबऱ्यांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : चार-पाच कादंबऱ्या वाचून मी अख्ख्या आयर्लंडला "अबोल" ठरवलं, आणि आयरिश लेखिका क्लेअर कीगनच्या 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' या कादंबरीमध्ये "काही घडतच नाही, जरा कुठे सुरू होते तोच संपते", तरी मी तिला डोक्यावर घेतलं.

पहिला मुद्दा पूर्ण मान्य. रॉडी डॉइलच्या डब्लिनमधल्या कादंबऱ्या मी वाचल्या आहेत. तिथली माणसं क्षणभर गप्प बसत नाहीत, पानंच्या पानं बोलणंच चालतं. "आयरिश माणूस अबोल" हे वाक्य लेखातून काढून टाकलं आहे.

दुसरं मात्र मला मुळीच पटत नाही. १९८५चा नाताळ तोंडावर आलाय, गाव न्यू रॉस. बिल फर्लाँग हा कोळसा-लाकडाचा व्यापारी ख्रिस्ती नन्सच्या मठात माल टाकायला जातो आणि कोळशाच्या खोलीत त्याला कोंडलेली मुलगी सापडते. माझ्या बाळाचं त्यांना विचाराल का, असं ती विनवते. मग मठाची प्रमुख, मदर सुपीरियर, त्याला आत बोलावून चहा पाजते, केक देते, नाताळचं म्हणून पैशांचं पाकीट हातात ठेवते. तो ते घेतो. आवाज कुणाचाच चढत नाही. पण फर्लाँगला पाच मुली आहेत आणि गावातली मुलींची चांगली शाळा त्याच मठाच्या भिंतीला लागून आहे. खानावळवाल्या मिसेस कीहो त्याला पुढे बजावतात तेही हेच, की या नन्सचा हात सगळीकडे पोचलेला असतो. त्या पाकिटात मला अख्खं गाव दिसलं. याहून जास्त काय घडायला हवं होतं?

आणि हे लेखिकेच्या मनातलं भय नाही. अशा मॅग्डलेन लाँड्र्या, म्हणजे नन्सच्या मठांनी चालवलेली धुलाईघरं, आयर्लंडमध्ये खरोखर होत्या. त्यांत मुली-बायकांना डांबून बिनपगारी कपडे धुवायला लावत. शेवटची बंद झाली १९९६ साली. सरकारतर्फे पंतप्रधानांनी माफी मागितली ती २०१३मध्ये. इतकी वर्षं ज्यावर गावंच्या गावं गप्प राहिली, त्याची गोष्ट आरडाओरडा करून कशी सांगणार?

बोलणाऱ्यांचं काय झालं तेही पाहा. आयरिश लेखिका एडना ओब्रायनच्या 'द कंट्री गर्ल्स' या कादंबरीवर १९६०मध्ये बंदी आली. कादंबरीकार जॉन मॅकगॅहर्नच्या 'द डार्क'वर १९६५मध्ये, आणि त्याची शाळामास्तरची नोकरीही गेली. त्याच मॅकगॅहर्नची 'अमंग्स्ट विमेन' (१९९०) तुम्ही वाचावी अशी माझी फार इच्छा आहे. मोरान हा आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला बाप. रोज संध्याकाळी घरच्यांना गुडघ्यावर बसवून जपमाळेची प्रार्थना म्हणवतो. एकेकाने आपापला भाग म्हणायचा. थोरला ल्यूक घर सोडून लंडनला गेलाय, त्याचं नाव बापासमोर कुणी सहज काढत नाही. तरी त्याची उणीव त्या खोलीत प्रत्येकाला टोचत असते. मला तर पुस्तक खाली ठेवून जरा वेळ बाहेर जाऊन यावं लागलं होतं.

कीगनची कादंबरी जेमतेम शंभर-सव्वाशे पानांची आहे. जमलं तर चहा-केकचा तेवढा प्रसंग पुन्हा वाचा, आणि पटला नाही तरी इथे जरूर लिहा.